परशुरामपंतांचे अळीव

कल्याणच्या मालधक्क्यावर कारकून असलेले परशुराम विनायक दातार कधी खोटं बोलत नसत. यात त्यांचा मोठेपणा फारसा नव्हता. खोटं बोलायचं तर आधी खरं काय आहे ते धड ठाऊक असावं लागतं, आणि तिथेच त्यांचं गाडं अडत असे.

सन अठराशे शहाऐंशीच्या फाल्गुनात त्यांचं वय छत्तीस होतं, नोकरीला सतरा वर्षं झाली होती आणि त्यांचं दुसरं लग्न ठरलं होतं. नोकरी कशी लागली हे त्यांना आठवत होतं. लग्न कसं ठरलं ते मात्र कितीही आठवलं तरी हाती लागत नव्हतं.

झालं होतं ते इतकंच, की माघात त्यांची आत्या ठमाबाई ठाण्याहून आली होती. परशुराम दोन वर्षांचा असताना त्याची आई गेली आणि या आत्याने त्याला वाढवलं. त्यामुळे तिच्यापुढे पंत अजून दोन वर्षांचेच होते. ओटीवर बसून गुडघ्यांना तेल चोळता चोळता ती म्हणाली, "परशा, तुझ्या संसाराला बारा वर्षं झाली रे."

"हो ना," पंत म्हणाले. बारा वर्षं झाली होती हे खरंच होतं.

"घरात पाळणा हलला नाही."

"नाही," पंत म्हणाले. तेही खरंच होतं.

"टिटवाळ्याच्या वामनभटांची मुलगी आहे. दहावं संपलं तिला. चुणचुणीत आहे हो."

"असेल," पंत म्हणाले. मुलगी त्यांनी पाहिली नव्हती. मग नसेल असं तरी कशाच्या आधारावर म्हणायचं?

हे तीन होकार पदराला बांधून ठमाबाई दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने टिटवाळ्याला गेल्या आणि वैशाखातलं लग्न ठरवून आल्या.

ओटीवर हे बोलणं चाललं होतं तेव्हा आत पंतांची बायको कलावती दळत बसली होती. जात्याची घरघर मध्येच थांबली आणि थोड्या वेळाने पुन्हा सुरू झाली. जगातल्या पुष्कळ गोष्टी पंतांना उमगत नसत, पण ती घरघर का थांबली हे त्यांना उमगलं, आणि आपल्याला काय नको आहे हेही त्याच वेळी उमगलं. कलावतीवर सवत आणायची त्यांना इच्छा नव्हती. मूल हवं होतं; या वाटेने नको होतं. पण हे कुणाला सांगायचं, कोणत्या शब्दांत सांगायचं, आणि एकदा तीन वेळा रुकार दिल्यावर चौथ्यांदा तोंड कुठल्या निमित्ताने उघडायचं, याचा विचार करता करता माघ सरला, होळी पेटली आणि विझली. कलावती पूर्वीइतकंच काम करी आणि पूर्वीच्या निम्मं बोले. उरलेलं निम्मं कुठे गेलं, याचा पंतांना तपास लागेना.

अशात एका शुक्रवारी मालधक्क्याच्या साहेबाच्या मडमेने त्यांना बंगल्यावर बोलावलं.

पंतांचं इंग्रजी मालधक्क्यापुरतं होतं. गासड्या फुटल्या, पेटी गहाळ झाली, मालगाडीची वाघीण रिकामी नाही, एवढ्या विषयांवर ते कुणाही इंग्रजाशी तासभर बोलू शकत. मडम ज्याच्याविषयी बोलत होती त्यात यांपैकी काहीच नव्हतं. पंत अदबीने मान हलवत राहिले. मग तिने एक पत्र्याची डबी उघडून त्यांच्यापुढे धरली. आत दमट हवेने बुरशी आलेलं, तांबूस, तिळाहून बारीक बी होतं. आणि पंतांच्या आयुष्यात क्वचित येणारा प्रसंग आला. समोरची वस्तू त्यांना ओळखू आली.

"अळीव!" ते म्हणाले, आणि मग इंग्रजीत, "बाजारात पुष्कळ, मॅडम."

मडमेचा चेहरा उजळला. तिने बटलरला हाक मारली आणि पुढचं सगळं बटलरच्या तोंडून पंतांना कळलं. म्हणजे जेवढं कळायचं तेवढं. पुढच्या शनिवारी मुंबईहून मोठे साहेब जेवायला यायचे होते. विलायतेत थंडी सरता सरता लोक हे बी घरातच ताटलीत पेरतात, बोटभर वाढलेला कोवळा पाला कात्रीने कापतात आणि पावाच्या दोन कापांमध्ये घालून खातात. मोठ्या साहेबांना हिंदुस्थानात त्याची फार आठवण येते. बंगल्यावर दोनदा पेरून झालं, दोन्ही वेळा कोंबड्यांनी फस्त केलं. तेव्हा बाबूने ते आपल्या घरी करावं आणि शनिवारी बाराच्या आत आणून द्यावं.

कल्याणहून मुंबईला गवताच्या वाघिणीच्या वाघिणी भरून जात आणि त्यांच्या पावत्या पंतच फाडत. ते गवत ट्रामचे घोडे खातात, हे त्यांना माहीत होतं. साहेबही खातात, हे नवीन होतं. पण बोलणं संपत आल्यासारखं वाटलं म्हणून ते "येस मॅडम" म्हणाले. मडमेने त्यांच्या हातात जाड, लाल, लोकरीच्या कापडाची एक घडी दिली. ती कशाला, हे बटलरने सांगितलं नाही, किंवा सांगितलं तेव्हा पंत घोड्यांचा विचार करत होते. घडी बगलेत मारून ते निघाले.

पारनाक्यावर पोपटशेटचं किराणा दुकान होतं. पंतांनी अर्धा शेर अळीव मागितले आणि पोपटशेटच्या हातातला तराजू तसाच अधांतरी राहिला.

याचं कारण असं, की अळीव हे बाळंतिणीचं खाणं. गुळाखोबऱ्यात शिजवून त्याचे लाडू करायचे आणि प्रसूतीनंतर बाईच्या कमरेला बळ यावं, दूध यावं म्हणून द्यायचे. भारी उष्ण, कडाक्याच्या थंडीत हौस म्हणून कुणी एखादा खाईलही, पण होळीनंतरच्या उन्हात अर्धा शेर अळीव नेणाऱ्या गृहस्थाच्या घरी दुसरं काही असणं शक्यच नव्हतं.

"पंत!" पोपटशेट म्हणाले. "आणि आम्हाला पत्ता पण नाही!"

"मलाही आजच कळलं," पंत म्हणाले.

पोपटशेटना याचं नवल वाटलं, पण दातारांचा स्वभाव त्यांना ठाऊक होता. "मग? कधीपर्यंत म्हणतात?"

"पुढच्या शनिवारी. बाराच्या आत."

पोपटशेट चार मुलांचे बाप होते. बाराच्या आत की बारानंतर, हे आठ दिवस आधी सांगता येतं याची त्यांना कल्पना नव्हती. पण रेल्वेतल्या माणसांचं सगळंच वेळापत्रकाने चालत असेल, असं म्हणून त्यांनी मनाचं समाधान केलं.

"काळजी नको. सगळं व्यवस्थित होईल."

"पहिलीच खेप आहे," पंत काळजीनेच म्हणाले.

पोपटशेटना भरून आलं. त्यांनी पुडीत एक जायफळ वरून टाकलं आणि त्याचे पैसे घेतले नाहीत.

घरी कलावतीने पुडी सोडली, चिमूटभर बी तळहातावर घेतलं आणि जायफळाकडे बघितलं.

"लग्न वैशाखात," ती म्हणाली, "आणि तिच्या बाळंतपणाची तयारी फाल्गुनात. बरं आहे. वरच्या फळीवर ठेवू ना? खाली ठेवलं तर यायची आणि सागरगोट्यांबरोबर खेळायला घ्यायची."

माघापासून या विषयावर ती प्रथमच बोलत होती. पंत गडबडले.

"अगं, हे मडमेसाठी आहे."

"मडम बाळंत व्हायची आहे?"

"नाही नाही. ती पावात घालून खाणार."

"पावात? अळीव?"

"अळीव नव्हे. अळिवाचा पाला. तो आपण करायचा, पुढच्या शनिवारपर्यंत."

"पाला करायचा म्हणजे काय करायचं?"

"ते मला नीटसं कळलं नाही."

कलावतीने नवऱ्याकडे टक लावून पाहिलं. असली गोष्ट मनाने रचायला जी कल्पकता लागते ती या माणसात नाही, हे तिला बारा वर्षांच्या अनुभवाने माहीत होतं. तिचा विश्वास बसला.

"आणि हे लाल काय?"

"ते तिने दिलं."

घडी उलगडल्यावर एका कडेला नाडी ओवायची पट्टी दिसली. मडमेचा तो जुना घागरा होता. लोकरीला विटाळ नाही, धाबळी नेसून स्वयंपाकसुद्धा चालतो, हे शास्त्र कलावतीला पाठ होतं. पण लोकर मडमेच्या कमरेची असली तर काय, यावर शास्त्र गप्प होतं. तिने ते चिमट्याने उचलून पडवीतल्या खुंटीला टांगलं.

निम्मं बी मात्र तिने संध्याकाळीच भिजत घातलं, कारण अळीव म्हटले की आधी भिजत घालायचे असतात. सकाळी पाहते तो पातेलंभर बुळबुळीत लगदा झाला होता, बेडकीने डबक्यात अंडी घालावीत तसा. पंतांनी त्यात बोट घालून पाला शोधला. पाला नव्हता.

"आता हे फेकू की काय?" कलावती म्हणाली. अन्न फेकायचं नसतं, यावर दोघांचं एकमत होतं. तिने नारळ खवला, गूळ घातला, चुलीवर आळवलं, वर जायफळही किसलं, आणि शनिवारी दुपारी दातारांच्या घरातून अळिवाच्या लाडवांचा घमघमाट उठला. आळीत एकदम शांतता पसरली. बायका नाकाने ऐकत होत्या.

शेवंती ही विठ्ठलवाडीकडची आगरीण डोक्यावर भाजीची टोपली घेऊन दर रविवारी दारावर येई. अडल्या वेळी ती बाळंतपणंही करी. पंचवीस वर्षांत आळीतली निम्मी मुलं तिच्या हातावर जन्मली होती. कलावतीने तिला एक लाडू दिला. शेवंतीने तो हुंगला, खाल्ला, आणि बोटं चाटून झाल्यावर विचारलं, "कोन हाय बाळंतीन?"

"कुणी नाही गं."

'कुणी नाही' हे उत्तर शेवंतीने पुष्कळ जणींच्या तोंडून ऐकलं होतं. तिने कलावतीच्या कमरेकडे पाहिलं. तिथे काही दिसत नव्हतं. पण काहींचं शेवटपर्यंत दिसत नाही, हेही तिने पाहिलेलं होतं.

"मला सांग," कलावती म्हणाली, "अळिवाचं रोप करायचं झालं तर कसं करतात?"

"रोप? अगं बाय, अळीव बाईला देतान, जमिनीला नाय."

"करायचंच झालं तर?"

शेवंतीने डोकं खाजवलं. "भिजत नाय घालायचा. दुधीचा, काकडीचा बी मी शिमग्यानंतर वल्या फडक्यान बांधते नि चुलीच्या उबेला ठेवते. मोड आला का मंग मातीन. याचा तसाच करून बघ. फडका जाड घे, पानी धरनारा. वर चिमटीनं भुरभुरायचा, दाट नाय. दोन दिस टोपलीखाली झाक. पन कशाला गो?"

"घरात हिरवं असावं म्हणून," कलावती म्हणाली.

शेवंती गेली आणि जाताना प्रत्येक दारावर थांबली. तिचं म्हणणं असं, की पहिलटकरणीच्या मनात काय काय येतं याला नेम नाही.

जाड आणि पाणी धरणारं फडकं घरात एकच होतं. कलावतीने ते खुंटीवरून काढलं, विहिरीवर तीनदा धुतलं, पितळी परातीत अंथरलं आणि त्यावर उरलेलं बी भुरभुरलं. वर टोपली झाकली. पंतांचं काम दिवसातून तीन वेळा हाताने पाणी शिंपडायचं. ते त्यांनी इतक्या निष्ठेने केलं, की मंगळवारी सकाळी टोपली उचलताच ते ओरडले, "अगं, आलं! आलं!"

शेजारच्या घरात भांडं पडल्याचा आवाज झाला.

परातीत पांढऱ्या धाग्यांना हिरव्या टाचण्या फुटल्या होत्या. दोघं उकिडवी बसून बघत राहिली. बुधवारपर्यंत सगळी रोपं खिडकीकडे माना वाकवून उभी राहिली. मालधक्क्यावर साहेब शिरला की हमाल त्या बाजूला बघतात, तशी.

"परात फिरवून ठेवा," कलावती म्हणाली. "म्हणजे उद्या इकडे बघतील."

पंतांनी परात फिरवली. गुरुवारी रोपं खरंच इकडे बघत होती. कलावती हसली. माघानंतर ती हसलेली पंतांनी पाहिली नव्हती. कशाला हसली ते त्यांना कळलं नाही, म्हणून शुक्रवारी त्यांनी परात न सांगता पुन्हा फिरवली.

धक्क्यावर मात्र विचित्र प्रकार चालला होता. गवताचे व्यापारी त्यांना बसायला जागा देऊ लागले. एकाने "पंत, पेढे तयार ठेवा" म्हटलं. आपल्या दुसऱ्या लग्नाची बातमी फुटली, असं समजून पंत पडलेल्या चेहऱ्याने म्हणाले, "अजून नक्की काही नाही हो." व्यापारी म्हणाले, माणसाने विनय शिकावा तर यांच्याकडून. घरीही बायका काही ना काही निमित्ताने डोकावून जात होत्या. या महिन्यात कलावती बाहेर बसली होती की नव्हती, याविषयी दोन शेजारणींच्या आठवणी जुळत नव्हत्या आणि त्यावरून त्यांचं बोलणं बंद झालं होतं. कलावती कुणाला हो म्हणत नव्हती. आठवडा सरत आला तसं तिने नाही म्हणणंही सोडून दिलं.

वामनभट बुधवारी पूजेचं सामान घ्यायला कल्याणला आले होते. पोपटशेटनी त्यांना सामान दिलं आणि बातमीही दिली. ती त्यांनी ठाण्याला ठमाबाईंना कळवली.

शनिवारी साडेदहाला पंत साहेबाची परवानगी काढून परात न्यायला घरी आले, तेव्हा ओटीवर सभा भरली होती. ठाण्याहून ठमाबाई आल्या होत्या, टिटवाळ्याहून वामनभट आले होते, आणि पायरीवर शेवंती आपली पिशवी मांडीवर घेऊन, बोलावणं आलं नाही म्हणून रुसून बसली होती. मागच्या दारातून कुणीतरी विचारत होतं, "पाणी तापवायचं का गं?"

"परशा," ठमाबाई कडाडल्या, "हे काय ऐकते मी?"

"काय?" पंतांनी विचारलं. त्यांनाही ऐकायचं होतं.

वामनभट उंच, किडकिडीत आणि सरळ माणूस होते. "दातार, आडपडदा नको. तुमच्या घरात आज बाळंतपण आहे, असं बाजारात बोलतात. खरं की खोटं?"

"बाळंतपण?" पंत म्हणाले. "कुणाचं?"

"अहो, तुमच्या कुटुंबाचं!"

"छे!"

"अळीव आणलेत की नाही?"

"आणले."

"लाडू झाले की नाही?"

"झाले. पण ते चुकून झाले."

"मना पन दिला एक," शेवंती पायरीवरून म्हणाली. "बेस होता."

"आणि शनिवारी बाराच्या आत, असं पोपटशेटना कोण म्हणालं?"

"मीच. मोठे साहेब बाराला जेवतात ना."

ठमाबाईंनी कपाळावर हात मारला. पंतांनी मग पहिल्यापासून सगळं सांगितलं: मडम, डबी, कोंबड्या, पाव, घागरा. जितकं सांगत गेले तितके वामनभटांचे ओठ मिटत गेले. शेवटी ते उपरणं झटकून उठले.

"ऐकलंत ठमाबाई? पहिलीचे दिवस भरलेत, आणि दुसरी हातची जाऊ नये म्हणून हे गृहस्थ साहेबाच्या पावात गवत कोंबताहेत. अहो, खोटं बोलायचं तर त्याला काही रीत असते! असल्या थापाड्याच्या घरात मी माझी पोर देणार नाही. मोडलं लग्न. येतो."

ते पायरीपर्यंत पोचले होते. पंतांनी फक्त उभं राहायचं होतं, दुसरं काही नाही. पण छत्तीस वर्षांत त्यांना कुणी खोटारडा म्हटलं नव्हतं.

"थांबा हो, थांबा," ते म्हणाले. "दाखवतो."

आतल्या दारात कलावती उभी होती. "राहू द्या ना," ती हळूच म्हणाली.

"अगं, ते मला थापाड्या म्हणताहेत!"

कलावतीने त्यांच्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे पाहिलं आणि बाजूला झाली. पंत परात घेऊन बाहेर आले.

लाल कापडावर दोन बोटं उंच, दाट, हिरवंगार पीक उभं होतं. काल फिरवल्यामुळे ते नेमकं वामनभटांकडे बघत होतं. वामनभटांनी वाकून पाहिलं, एक पान खुडून दातांखाली धरलं आणि तिखट लागल्यावर डोळे मिटले.

"अळीवच आहे," ते म्हणाले. "दातार, क्षमा करा. तुम्ही सरळ माणूस."

"मी सांगत नव्हते?" ठमाबाई म्हणाल्या. त्यांनी असं काहीच सांगितलं नव्हतं. "मग आता अडचण कुठे आहे? आलोच आहोत तर तिथी पक्की करून टाकू. भटजी, पंचांग आहे ना?"

मागच्या दारातून एक सुस्कारा ऐकू आला आणि पाणी तापवायला आलेली बाई निघून गेली. पायरीवर शेवंतीने पिशवीची गाठ मारली. आत कसलाही आवाज नव्हता. जातं नाही, भांडं नाही. आपण आत्ता, या दोन हातांनी, काय करून बसलो हे पंतांच्या ध्यानात येऊ लागलं. परात अजून त्यांच्या हातातच होती.

"वैशाख शुद्ध पंचमी उत्तम आहे," वामनभट पंचांगावर बोट ठेवून म्हणाले.

"पंचमीला नको," पंत म्हणाले.

"का?"

त्यांना कारण सांगता येईना. पण गेली सतरा वर्षं ते व्यापाऱ्यांना रोज हेच सांगत आले होते. सोमवारी वाघीण नाही, मंगळवारी नाही, बुधवारचं बघू, पण बहुधा नाहीच. एका दिवसापुरतं नाही म्हणायला त्यांना अडचण पडत नसे.

"मग सप्तमी?"

"सप्तमीलाही नको."

"दशमी घ्या. दशमीला दोष नाही."

"दशमीला नको."

ठमाबाई पुढे सरकल्या. "अरे, मग अक्षय्य तृतीया घे! तिला तर मुहूर्तसुद्धा बघावा लागत नाही!"

"तृतीयेला नको," पंत म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम आला होता आणि परातीतलं पाणी कोपरावर ठिबकत होतं.

वामनभटांनी पंचांग मिटलं. "दातार, तिथी नको आहे, मुलगी नको आहे, की लग्न नको आहे?"

हा प्रश्न पंतांना अजून कुणीच विचारला नव्हता. त्यांनी थोडा विचार केला.

"लग्न," ते म्हणाले. "मुलगी चांगलीच असेल. तिला खेळू द्या अजून."

"तुला मूल नको?" ठमाबाईंचा आवाज एकदम बारीक झाला.

"हवंय, आत्या."

"मग?"

"मग तरी नको."

"मग माघात हो का म्हणालास?"

"बारा वर्षं झाली असं म्हणालीस. ती झालीच होती."

वामनभट दोनदा काहीतरी म्हणायला गेले आणि दोनदा थांबले. एकदा मोडलेलं आणि मग आपणच पुन्हा जुळवलेलं लग्न आता मोडल्याबद्दल रागवावं कुणी, हे त्यांना ठरवता येत नसावं.

बारा वाजायला वेळ थोडा होता, आणि बंगल्याचा रस्ता आणि स्टेशनचा रस्ता एकच होता. त्यामुळे तिघांनाही बरोबरच निघावं लागलं. पुढे डोक्यावर परात घेतलेले पंत, त्यांच्यामागे पाच पावलांवर ठमाबाई, आणि आपण यांच्याबरोबर नाही असं दाखवत पलीकडच्या कडेने वामनभट. वाटेत लोक थांबून परातीकडे बघत होते. पोपटशेट दुकानातून उठून बाहेर आले, पण काय विचारावं ते न सुचून परत आत गेले.

मडमेने बंगल्याच्या पायरीवरच पीक कात्रीने सपासप कापलं, दोन-तीन गोड शब्द बोलली आणि रिकामी परात कापडासकट परत दिली. पंतांनी "येस मॅडम" म्हटलं. फलाटावर ते आत्याजवळ जाऊन उभे राहिले. तिने तोंड फिरवून घेतलं होतं. तिने त्यांना वाढवलं, आणि त्यांनी तिला चार माणसांत खाली पाहायला लावलं, हे त्यांना दिसत होतं. त्याला उपाय काय, हे दिसत नव्हतं. मुंबईकडची गाडी आली. त्यांनी तिचं गाठोडं बाकावर ठेवलं. गाडी हलली तेव्हा ठमाबाई खिडकीतून म्हणाल्या, "ती परात चिंचेने घासून घ्यायला सांग तिला. मडमेचा हात लागलाय."

आत्या बोलली, म्हणजे राग गेला, की आता आपल्याशी बोलायला परातीवाचून दुसरा विषय उरला नाही? परत जाताना पंत रस्ताभर याच विचारात होते.

अळिवाच्या प्रकरणाचा उलगडा कल्याणात अखेरपर्यंत झाला नाही. पोपटशेटनी काही विचारलं नाही. शेवंती पुढे वर्षभर दर रविवारी कलावतीच्या कमरेकडे निरखून बघत असे आणि निराश होत असे. दातारांना मूल झालं नाही. दुसरं लग्न का केलं नाही, असं कुणी छेडलं तर पंत खरोखर आठवू लागत आणि सांगत, "तेव्हा तिथी जमेना."

पण त्या शनिवारी ते घरी आले, तेव्हा कलावतीने पान मांडून ठेवलं होतं. ते जेवायला बसले. ती वाढत होती.

"दशमीलासुद्धा नको म्हणालात," ती म्हणाली. "दशमी चांगली होती."

"तुला हवी होती का?" पंतांनी दचकून विचारलं.

"मला कशाला?"

"नाही, म्हणजे... तू राहू द्या म्हणालीस. ते भट निघालेच होते. मीच परात आणली. चुकलंच माझं."

"चुकलंच," कलावती म्हणाली. "आपोआप मोडत होतं."

"हो ना."

"पण मग तुम्ही कुठे काही बोलला असतात?"

हे रागाने म्हटलं की कसं, हे त्यांना तिच्या चेहऱ्यावरून ओळखता येईना, कारण ती भाताच्या पातेल्यात बघत होती. तिने न विचारता आणखी भात वाढला, त्यावर वरण घातलं आणि वरणावर तूप, नेहमीपेक्षा जास्तच. तूप चुकून जास्त पडलं, की मुद्दाम, याचा पंतांना अंदाज लागला नाही. त्यांनी विचारायला तोंड उघडलं, मग ते बेत बदलून जेवू लागले.